नारळ उभा राहिला ती जागा

आमचे हे आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. म्हणूनच मला त्यांची जास्त धास्ती वाटते.

अहमदपूरचं घर विकून लातूरला मिहिरकडं, आमच्या लेकाकडं, जायचं ठरलं. माझे गुडघे गेले, इथं आता होत नाही. घर चांगलं, पण अंगणातला बोअर तीन वर्षांपासून कोरडाठाक. टँकर बोलवायचा, फरशीखालच्या हौदात पाणी भरायचं अन् पुरवून वापरायचं. मी म्हणलं, "गिऱ्हाइकाला सांगून टाका."

"विचारलं तर सांगीन," हे म्हणाले. "पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं नसतं."

गिऱ्हाईक आलं शिरूर अनंतपाळचं. भागवतराव, त्यांची बायको गुणाबाई अन् म्हातारी आई सरजाबाई. सरजाबाईंच्या पिशवीत नारळ! तळहातावर तो आडवा धरून बाई अनवाणी अंगणभर फिरल्या. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणे. अन् काय सांगू, बोअरपासून चार पावलांवर नारळ ताडकन उभा! बरोबर हौदाच्या फरशीवर. टँकर कालच येऊन गेला होता.

"आई, मोटार बी चालू करून बघू का?" भागवतरावांनी विचारलं.

"नारळापेक्षा मोटार शानी हाय का रे?" सरजाबाई कडाडल्या. लेकानं मोटारीचा नाद सोडला. बयाणा झाला. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे आभाळाकडं बघत होते.

"मी कुठं म्हणालो पाणी आहे?" रात्री मला म्हणाले. "नारळ म्हणाला."

खरेदीखताच्या आदल्या दिवशी दुपारी तिघंही परत आले. गुणाबाईच्या हातात घासून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा. "ताई, आमच्यात नव्या घरात शिरताना पहिलं पाणी जुन्या मालकिणीच्या हातचं नेतेत. बोअरचं ताजं भरून द्या. तुमचा हात लागला की घर लाभतंय."

नळाखाली हंडा लावून हौदातलं पाणी दिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण बाईनं केवढ्या विश्वासानं हंडा पुढं केला होता! मला माझीच लाज वाटली. मी सरळ जाऊन बोअरच्या मोटारीचं बटण दाबलं.

मोटार घरघरली. पाइपातून फुस्स करून वारा आला, मागनं थोडी धूळ, अन् शेवटी एक कोळी बाहेर पडून भिंतीवर चढला.

"बोअर कोरडा आहे हो," मी म्हणलं. "नारळ उभा राहिला तो टँकरच्या पाण्यावर."

"मंजी नारळ खरंच बोलला!" सरजाबाईंनी एवढंच धरलं.

भागवतराव मात्र तांबडेलाल झाले. "सर, तुम्ही शिकलेले मानसं! सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही विचारलं नाही," हे पुटपुटले.

"हाव, मी बी मोटार चालू करून बघायची व्हती, तेवढी माझी चूक. पन लपवलं तुम्ही. नव्या बोअरचा खर्च किमतीतून कमी करा, अन् खरेदीखतात लिहा, बोअर कोरडा हाय म्हणून. न्हाई तर बयाणा वापस द्या."

लातूर माझ्या डोळ्यांसमोरून सरकायला लागलं. मग मीच बोलले, "कमी केला. लिहितील. ह्यांचं अक्षर चांगलं आहे."

मग हौदाचं झाकण उघडून मी हंडा भरला. गुणाबाईच्या हातात देताना म्हणलं, "टँकरचं आहे बरं का, सांगून देते."

"सांगितलं ना ताई, मग झालं," म्हणून तिनं हंडा डोक्यावर घेतला. मला रडूच आलं.

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"आणि मागच्या दाराची कडी लागत नाही," हे म्हणाले.

कुणीच विचारलं नव्हतं.