हैदराबादची मखमल

ज्ञानबाने मखमल वस्तीच्या चर्चातल्या टेबलावर अंथरली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि पुन्हा पुढे येऊन झालर सारखी केली. नाताळच्या सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

मखमल जांभळी, थेट हैदराबादेहून आलेली. सोनेरी झालर इतकी लांब, की टेबलाचे वाळवी लागलेले पाय दिसेनासे झाले. दुष्काळाच्या साली हे कशाला, असं पंचांच्या बैठकीत कोणी विचारलं नाही. मोठ्या चर्चातले पाहुणे येणार, त्यांना काय वाटेल, यावर मात्र खूप बोलणं झालं. प्रभूला काय वाटेल, हा विषय वेळेअभावी राहिला.

आजवर या टेबलावर वस्तीतलंच कापड असे. हातमागावर उरलेले सुताचे तुकडे गाठी मारून जोडायचे आणि दरसाल एका घराने त्याचं पांढरं कापड विणून नाताळला द्यायचं. यंदाचं साल सोनाबाईचं होतं. तिला मखमलीचं सांगायचं काम पंच म्हणून ज्ञानबाकडे आलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता नाताळ उजाडला.

सोनाबाई काखेत पिशवी घेऊन आली आणि टेबलासमोर थांबली.

"नवं आनलं व्हय, दादा?"

"पंचांनी ठरवलं, अक्का. मी एकटा काय करणार?"

बैठकीत मखमलीचं नाव त्यानेच काढलं होतं.

"लई झ्याक दिसतंय की. राजवाड्यावानी."

"तुमचं कापड पुढच्या साली घेऊ."

"पुढचं साल राजाबाईचं हाय," ती म्हणाली. "असू द्या."

ती जाजमावर बायकांत बसली आणि पिशवी पाठीमागे सारली.

पाळकसाहेबांनी उपासना सुरू केली. पाहुण्यांनी मखमलीकडे पाहून माना डोलावल्या. ज्ञानबाला मात्र सोनाबाईची बोटंच दिसत होती. दुष्काळी कामावर खडी फोडून चिरलेल्या त्या बोटांनी गाठी कशा मारल्या असतील, या विचारात त्याची गीताची ओळ दोनदा चुकली.

मग त्याला उपाय सुचला. मखमल भिजली तर काढावीच लागेल. काढली की दुसरं कापड लागेल, आणि ते कुठे आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. प्रभुभोजनाच्या वेळी असली लबाडी त्याला बरी वाटेना. पण लबाडीवाचून सांगायचं, तर आधीची लबाडी सांगावी लागली असती.

प्रभुभोजनाचे पेले भरायला तो उठला आणि कोपर लागल्यासारखं करून त्याने काळ्या मनुकांच्या रसाचा तांब्या मखमलीवर कलंडवला.

पाहुण्यांनी चुकचुक केली. ज्ञानबा वळला.

"अक्का, तुमचं ते..."

सोनाबाई आधीच उठली होती. पिशवीतून पांढरं कापड ओढत ती धावत आली आणि दोन्ही हातांनी तिने ते रसावर दाबलं. घडी उलटून पुन्हा दाबलं. रस झालरीपर्यंत पोचू दिला नाही. कापड लाल होत गेलं. मखमल जराशी ओली दिसत होती, एवढंच.

"वाळलं की कळायचं बी न्हाय," ती त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणाली. "भिऊ नका, दादा. तुमास्नी कोन काय बोलनार न्हाय."

लाल कापडाची घडी घालून ती जागेवर जाऊन बसली. पाळकसाहेबांनी तांब्यात उरलेल्या रसाने पेले भरायची खूण केली. मग पुन्हा केली. ज्ञानबाला तांब्या उचलवेना.