धर्मशाळेची मालकीण

गेल्या नाताळात मिशनशाळेतल्या बालसंघाच्या जेवणाला पहिली पंगत अर्धी रिकामी होती. तरी हेडमास्तरीणबाई मुक्ताबाईंनी गिरणीत कामाला जाणाऱ्या गोजरबाईच्या लेकीला दंडाला धरून उठवलं. "इथं जागा नाही. मागं गिरणीवाल्यांत जाऊन बस." पोर वाढलेल्या पानावरून उठली, आणि त्या दिवसापासून गोजरबाई डूख धरून होती.

यंदा मिशनच्या गोऱ्या मडमबाईंनी नाताळचं नाटक गोजरबाईकडं सोपवलं. सोलापुरातल्या सगळ्या गिरण्यांना सुट्टी होती त्या दिवशी पोरं नि आईबाप ख्रिस्ती देवळामागच्या खोलीत जमले. कामं वाटताना येशूच्या आईचं, मरीयेचं काम गोजरबाईनं आपल्या लेकीला दिलं.

मुक्ताबाई लगेच पुढं सरसावल्या. "मला बोलायचं काम हवं. आणि मी इरकल नेसणार."

"नेसा की," गोजरबाई गोड हसली. "तुमी धर्मशाळेची मालकीण. मरीया दोन जिवाची, निवारा मागाया येती. तुमी तिला दारातच अडवायचं."

"आणि बोलायचं काय?"

गोजरबाईनं लेकीला त्यांच्या पुढ्यात उभं केलं.

"ते तुमाला पाठच हाय, बाई. गेल्या साली पंगतीत तुमी हिलाच म्हणाला होता की. म्हणा, समद्यांना ऐकू जाऊंद्या."

सगळी खोली मुक्ताबाईंकडं बघत होती. गोजरबाईला मात्र मुळीच घाई नव्हती. नाताळ अजून लांब होता, आणि तालीम रोज होणार होती.