कोपर सुटलेली फिल्म

एक्स-रे खात्यात बाळ्याचा एकच हेका असायचा. कोपराखालचं हाड मोडलं की मनगट आणि कोपर, दोन्ही सांधे फिल्मवर आलेच पाहिजेत. मग पेशंट रडो, ओरडो, नाहीतर नातेवाईक अंगावर धावून येवोत. तिथल्या दोन हाडांपैकी एक मोडलं की दुसरं कुठेतरी निसटलेलं असू शकतं, हे तो खात्यात शिकायला आलेल्या नव्या मुलींकडून घोकून घ्यायचा. बावीस वर्षांत त्याने कुणाची गय केली नव्हती. पाठीमागे त्याला कसाई म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

मग एका सकाळी ताई आली. आई गेल्यावर शिलाई मशीन चालवून जिने त्याला वाढवलं, शिकवलं, ती ही थोरली बहीण. आपल्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवरून घसरली होती आणि उजवा हात पोटाशी धरून बसली होती. बाळ्याने तो हात प्लेटवर ठेवला आणि कोपर सरळ करायला गेला, तशी ती कळवळली. सुई बोटातून आरपार गेली तरी हूं की चूं न करणारी बाई ती.

"बाळ्या, नको रे," एवढंच म्हणाली.

झालं, कसायाचा धीर सुटला. त्याने कोपराचा नाद सोडला आणि मनगटापासून जेवढं आलं तेवढ्यावर बटण दाबलं.

फिल्मवर करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. वर, कोपर जिथून सुरू व्हायचं तिथे फिल्म संपली होती. खात्यातल्या एखाद्या मुलीने अशी फिल्म आणली असती तर बाळ्याने तिला उभी सोलली असती. ही मात्र त्याने स्वतः डॉक्टरांपुढे नेली. हाडांचे डॉक्टर तरुण आणि घाईचे. मोडलेलं हाड सापडलं की त्यांचं समाधान व्हायचं. कोपर कुठाय असं त्यांनी विचारावं, म्हणजे आपण पुन्हा काढू, अशी बाळ्या वाट बघत राहिला. त्यांनी विचारलं नाही. यानेही मूग गिळले. प्लास्टर चढलं.

पुढचे सहा आठवडे ताई भेटेल त्याला कौतुकाने सांगत सुटली होती, की भावाने फोटो काढला पण दुखू म्हणून दिलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात नीट वाकेना, तळवा वर वळेना. पुन्हा फोटो काढायचा ठरला. या वेळी बाळ्याने कोपर घेतलं आणि फिल्म उजेडावर धरली. अंगठ्याकडच्या हाडातून वर सरळ रेघ ओढली तर ती दंडाच्या हाडाच्या गोल टोकावर पोचावी लागते. शिकाऊ पोरीलाही हे येतं. इथे ती रेघ भलतीकडेच जात होती. हाडाचा माथा सांध्यातून निसटला होता, तोही पडल्या दिवसापासून.

डॉक्टरांनी जुनी फिल्म मागवली, पाहिली आणि हात झटकले. यात कोपरच नाही, तर मी काय बघणार, म्हणाले. ती त्यांनी त्याच दिवशी परत पाठवायला हवी होती, पण हे बोलायला बाळ्याला तोंड उरलं नव्हतं. आता ऑपरेशन करावं लागणार होतं. त्यानंतरही हात पूर्ण फिरेल, कात्री पूर्वीसारखी चालेल, याची खात्री कुणी देत नव्हतं.

ताई बाहेर बाकावर बसली होती. चूक डॉक्टरांचीच, हे तिने ठरवून टाकलं होतं. तू आत जाऊन त्यांना चांगलं सुनाव, असं ती बाळ्याला सांगत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी तो सुटला असता. मोह झालाही. मग तिच्याशेजारी बसून त्याने सगळं सांगितलं. तुझं कळवळणं बघवलं नाही म्हणून कोपर सोडलं, हेही सांगितलं.

ताईने आखडलेला हात मांडीवर घेतला.

"दुसरी कुणी बाई असती तर?"

"तर घेतलं असतं. कितीही ओरडली असती तरी."

"म्हणजे मी तुझी कुणी नसते, तर माझा हात वाचला असता."

बाळ्याने होकाराची मान हलवली. शरमेने त्याला वर बघवेना. ती उठली तेव्हा पिशवी घ्यायला त्याने हात पुढे केला, पण तिने ती डाव्या हाताने आधीच उचलली होती.