पपईच्या वाडग्यात पिळलेलं लिंबू

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये कोणी बोलू नका, मला हे एका दमात सांगायचंय. मी एक जुना काचेचा वाडगा आहे. काठाचा टवका उडालाय, तिकडे बघू नका. भट्टीत वितळलो, साच्यात बसलो, दुकानाच्या फळीवर वर्षभर धूळ खाल्ली आणि मग ताईनं मला घरी आणलं. ताई घरच्या घरी बायकांच्या चेहऱ्याला फळांचे लेप लावून द्यायची. खिडकीपाशी एक खुर्ची, एक आरसा आणि मी. झालं तिचं पार्लर!

माझ्यात ती पिकलेली पपई कुस्करायची, त्यात चमचाभर मध, थोडं दही. पण लगेच चेहऱ्याला नाही हं! आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावायची आणि चांगला अर्धा तास बसवून ठेवायची. कोणी कुरकुरलं की म्हणायची, "चेहरा आहे तो, घासायचं पातेलं नाही." बायका हसायच्या, पण बसायच्या.

मग तो दिवस आला. शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्गाबरोबर फोटो होता. ताईनं कोपराला लावून पाहिलं, अर्धा तास थांबली, काही झालं नाही. तेवढ्यात आत फोन वाजला. "तू लाव गं, मी आलेच," असं धाकट्या बहिणीला सांगून ताई गेली.

बाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "गालावरचे हे डाग उद्यापर्यंत जातील ना हो?"

"जातील की! आमची ताई जरा भित्री आहे. थांबा, मी जोरदार करून देते."

आणि तिनं अख्खं लिंबू माझ्यात पिळलं! मी आतून ओरडत होतो, पण काचेचं कोण ऐकतं?

बाईंना चुरचुरायला लागलं. धाकटी म्हणाली, "चुरचुरतंय म्हणजे काम करतंय." मग तोंड धुऊन त्या भर उन्हात घरी गेल्या, आणि लिंबू लागलेली कातडी उन्हात भाजते.

चार दिवसांनी त्या परत आल्या. दोन्ही गाल काळवंडलेले. भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "ताई, मी तुमच्या भरवशावर डोळे मिटून बसले होते हो."

ताईला काही कळेना. कोपराला तर काहीच झालं नव्हतं! तिनं माझ्यात पुन्हा तस्साच लेप केला, स्वतःच्या गालाला लावला, धुतला आणि भर दुपारी गच्चीत जाऊन बसली. गाल होता तसाच राहिला.

"फळांत खोट नाही," ती खाली येऊन म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी लेप करताना माझाच हात चुकला गं."

धाकटीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल...

"ताई, चहा टाकू?"

बस्स. त्याच आठवड्यात खुर्ची शेजारणीकडे गेली. अजूनही कोणी बाई आली की ताई दारातूनच सांगते, "आता नाही करत मी." माझ्यात आता कपड्यांचे चिमटे असतात. धाकटी रोज ते काढते, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, कोणी डोळे मिटून तुमच्यासमोर बसलं, तर हात जपून चालवा. मला बोलता येत नाही, नाहीतर मी तेव्हाच बोललो असतो. तिला येत होतं. खरं सांगा, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?