मिठागराने सोडवलेली ताडी

कळव्याच्या खाडीकाठी मिठागरावर राबणाऱ्या गुणाजीला बायकोने घराबाहेर काढले, तेव्हा त्याच्यासोबत निघाली एक घोंगडी आणि एक शिवी. घोंगडी जुनीच होती. शिवी नवी होती, पण ती काही इथे सांगण्यासारखी नाही.

"ताडी सुटली तरच ये," सगुणाने आतून कडी घालत बजावले. "मिठाचा हंगाम सरेपर्यंत वाट बघीन. नाय सुटली त मालनला घेऊन आंबिवलीला माझे आयशीकडं जाईन. मंग मांड संसार ताडाच्या बुडाशी!"

सगुणा बोलली म्हणजे करणार, हे गुणाजीला पक्के ठाऊक होते. बायको गेली असती तर एक वेळ त्याने दिवस ढकलले असते. पण मालन? बापाच्या मिशा ओढल्याशिवाय त्या पोरीला झोप येत नसे. तिच्या आठवणीने तो बांधावर बसून ढसाढसा रडला, आणि रडू आवरावे म्हणून थोडी ताडी प्यायला. अशी त्याची तऱ्हा होती.

मिठागराचा मुकादम परशुराम आवाजाने दांडगा आणि मनाने लोण्याचा. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसल्याशिवाय मात्र त्याला अन्न गोड लागत नसे. त्याच सुमारास तो ठाण्याला एका सभेत व्यसनाविरुद्धचे व्याख्यान ऐकून आला होता आणि कोणाला तरी सुधारायला त्याचे हात शिवशिवत होते. बांधावरचे मिठाचे जुने कोठार रिकामे पडले होते. ते त्याने मिठागराच्या मालकाकडून, शेटजींकडून, मागून घेतले. छप्पर उडालेले कोठार देऊन पुण्य पदरात पडत असेल तर शेटजी कशाला नाही म्हणतील? मग माणसांनी मिळून ते गवताने शाकारले आणि मुकादमाने हुकूम सोडला, "ज्याला घर नाय, ज्याला घरच्यांनी हाकललं, तो हितं राहील. सकाली कामाला लागायच्या आधी दर माणसानं मूठभर तांदूल या मडक्यात टाकायचा!"

माणसांनी हौसेने तांदूळ टाकला. पुण्य करायला सगळे मिठागर, आणि ते घ्यायला माणसे दोनच. एक तुळसा म्हातारी. तिच्या मागेपुढे कोणी नव्हते. स्टेशनाच्या आडोशाला निजायची आणि शिपायाच्या काठीने उठायची. दुसरा आपला गुणाजी.

तुळसाला सुधारण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे सगळ्यांचे डोळे गुणाजीवर.

पहिले दिवस वाईट गेले. त्याचे हात थरथरत, अंगाला दरदरून घाम सुटे. तुळसा त्याला पेज पाजायची, तळवे चोळायची आणि चोळता चोळता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. त्यातून तो उठला, तर बाहेर सगळे मिठागर टपलेले! तो ताडाखालून जाऊ लागला की लांबून कोणीतरी ओरडे, "गुणाजी, मान खाली!" तो जरा अडखळला की मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया पाट्या उतरवून धावत येत. "तोंड उघड बगू! माजा तांदूल हाय तुजे पोटात!" बिचारा शिंकला तरी चौकशी व्हायची. मूठमूठ तांदूळ देऊन माणसांनी जणू अख्खा गुणाजीच विकत घेतला होता.

तो चिडायचा. पण संध्याकाळी बांधाच्या टोकाला उभा राहून आपल्या घरातून निघणारा धूर बघायचा, आणि निमूट परत फिरायचा.

हंगाम सरला. मिठाच्या राशींवर पेंढा चढला. सगुणाचा निरोप आला, उद्या सकाळी येते आणि डोळ्यांनी बघते. परशुरामाची छाती फुगली. "आपला गुणाजी सुटला! आज मडक्यातल्या उरल्या तांदलाचं जेवान!"

आता त्या गावात बारसे असो, लग्न असो की बारावे असो, ताडीवाचून पान हलत नसे. एवढा मोठा आनंद कोरडा कसा करायचा? म्हणून अर्धा तांदूळ चुलीवर चढला, अर्धा ताडीवाल्याकडे गेला आणि फेसाळती मडकी आली. यात काही वावगे आहे, असे एकाच्याही मनात आले नाही. व्याख्यान ऐकून आलेल्या मुकादमाच्या तर नाहीच नाही.

परशुरामाने पहिली करवंटी भरून गुणाजीपुढे धरली. "मान तुजा. तू सोडलीस म्हनून त आमी पितो!"

गुणाजीच्या तोंडाला पाणी सुटले. खोटे कशाला बोला? त्याचा हात अर्धा पुढे गेलासुद्धा. मग मिशीला कोणी ओढ दिल्यासारखे वाटले आणि त्याने हात जोडले. "नको, मुकादम."

"थेंबभर!"

"नको."

मुकादम रागावला. पंगत रुसली. कोणी म्हणे गुणाजीला गर्व झाला, कोणी म्हणे उपकार विसरला. शेवटी परशुरामाने ती करवंटी प्रेमाने त्याच्या डोक्यावर उपडी केली. "पीत नाय त आंघोल कर!"

पुढे बांधावरच ज्याला जिथे झोप आली तिथे तो आडवा झाला. उधाणाची भरती बांधाला लागायची वेळ झाली होती. गुणाजीने एकेकाला बखोटीला धरून कोठारात ओढले आणि आपली घोंगडी मुकादमावर घातली.

सकाळी सगुणा मालनला घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. आत ताडीचा भपकारा, घोरणाऱ्यांची रांग आणि मधोमध गुणाजी. तिने त्याची बाही नाकाशी नेली. तिचा चेहरा पडला. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

"तो प्याला नाय गो बाय!" तुळसा म्हणाली.

"तू त्याचीच बाजू घेशील, आये." सगुणाने मालनचा हात धरला आणि ती वळली. गुणाजीने शपथेसाठी गळ्याला हात लावला आणि तसाच खाली घेतला. इतक्या वेळा खोटी शपथ घेतलेल्या तोंडाने आता खरी कशी घ्यायची?

त्या गलबल्याने परशुराम जागा झाला. डोके ठणकत होते, रात्रीचा अपमान तसाच गळ्याशी होता, आणि समोर नेमकी सगुणा. तो कडाडला, "तुजा दादला मानूस नाय! मी मुकादम, मी हात जोडले! पाया पडायचा राहिलो! पन याने एक थेंब घेतला नाय! भर पंगतीत माजी अब्रू काढली याने!"

सगुणा थांबली. परत आली, पदर सावरून मुकादमासमोर खाली बसली.

"अजून काय काय नाय केलं त्याने? सगलं सांगा, मुकादम."

मुकादमाने सांगितले. आवाज चढवून, हातवारे करून, मध्येच गहिवरून सांगितले. रांगेतले एकेक जण डोळे चोळत उठले आणि त्यांनीही आपापली तक्रार मांडली. गुणाजी सगळ्या मिठागराच्या शिव्या खात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. मालन कधीच त्याच्या खांद्यावर चढून बसली होती.

सगळे बोलून थकले तेव्हा सगुणा उठली आणि तिने नाकाला पदर लावला.

"अंगाला घान येते तुमचे," ती गुणाजीला म्हणाली. "घरी चला. पानी तापवते."