तपासणारा : चिमाजी

"चिमाजी, हे नाव तुमचंच ना?"

मालिनीबाईंनी चिठ्ठी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं. बाई भोरच्या शाळेत गणित शिकवतात. आठ वर्षं त्यांची गाडी शिवऱ्याच्या या गॅरेजात येत होती आणि त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. चिमाजीला तेच जड गेलं.

चिठ्ठीच्या तळाशी निळ्या शाईचा शिक्का होता, 'चाकांतील हवा तपासली. तपासणारा : चिमाजी.' वर चार आकडे. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस.

"नाव माजंच हाय. काय झालं बाई?"

"मंगळवारी सर्व्हिसिंग करून गाडी नेली. काल आईला घेऊन वेल्ह्याला निघाले, तर वळणावर गाडी एका अंगाला ओढायला लागली. पंपावर हवा मोजायचा काटा लावला. पुढच्या चाकात बावीस हवा. पंक्चर नाही, काही नाही, नुसती भरलेलीच नव्हती." बाईंनी चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली. "दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर निघताना मी चाकांकडे एकदा बघितलं असतं."

मंगळवारी चिमाजी भाटघरला भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला भात वाढत होता.

"गाडी सावलीत घ्या, बाई. तवर रत्नाच्या टपरीवर च्या घ्या. म्या आलोच."

गेल्या वर्षी गॅरेज सरकारच्या धूर कमी करायच्या योजनेत सामील झालं आणि नियम आला. सर्व्हिसिंगला आलेली गाडी चाकांतली हवा तपासल्याशिवाय सोडायची नाही. आधी किती होती, भरून किती केली, चिठ्ठीवर लिहायचं. खाली तपासणाऱ्याचं नाव. हवा कमी असली की गाडी रखडत चालते, तेल जास्त पिते, धूर जास्त ओकते. हे चिमाजीला सत्तावीस वर्षं ठाऊक होतं. ते सरकारी कागदावर आलं याचाच त्याला आनंद. आपण जन्मभर बोललो ते साहेब लोकांनाही पटलं, असं तो रत्नाच्या टपरीवर चारचौघांना ऐकवायचा. लोक 'व्हय व्हय' म्हणायचे आणि चहा प्यायचे.

सही करायला त्याला वेळ लागायचा, आणि हाताचं ऑइल कागदाला लागायचं. म्हणून मालक धनाजीशेठने भोरहून शिक्का करून आणला आणि पेढ्यासकट त्याच्या हातात दिला. चिमाजीने तो एक दिवस घरी नेला. कॅलेंडरवर मारला, वर्तमानपत्रावर मारला, शेवटी बायको म्हणाली, "देवाच्या फोटूवर तेवडा नगा मारू." दुसऱ्या दिवसापासून शिक्का टेबलाच्या खणात असायचा. खणाला कुलूप नव्हतं. घरातल्या घरात कुलूप कोण लावतं?

त्याची एकच खोड होती. हायवेवरून आलेल्या गाडीला तो लगेच काटा लावत नसे. चाकावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "गरम चाक खोटं बोलतं." तापलेल्या चाकात हवा फुगते, अठ्ठावीसची बत्तीस दिसते. म्हणून गाडी अर्धा तास सावलीत. गिऱ्हाइकं चिडायची, रत्नाचा चहा खपायचा. आणि त्याच्या चिठ्ठीवर आकडे चार नसत, आठ असत, त्यातले आधीचे चार कधी सारखे नसत. चार चाकं म्हणजे चार सख्खे भाऊ, एकासारखा दुसरा कशाला निघेल?

त्याने खण उघडला. शिक्क्याच्या खाली चिठ्ठ्यांचं एक नवंच पुस्तक होतं. पान उलटलं, बत्तीस चार वेळा आणि खाली चिमाजी. पुढचं पान, तेच. गाड्यांचे नंबर घालायच्या जागा कोऱ्या होत्या. अजून न आलेल्या गाड्या चिमाजीने तपासून ठेवल्या होत्या. आकड्यातल्या दोनाला लांब शेपूट होतं. हे दोन त्याच्या ओळखीचं होतं. गॅरेजची पहिली पाटी धनाजीने स्वतः रंगवली तेव्हा रंगाचा डबा चिमाजीनेच धरला होता.

धनाजीशेठ आत आला आणि उघडा खण बघून दारातच थांबला.

"ह्यो दोन तुमचा हाय, शेठ."

"बस आदी."

"म्या उभाच बरा."

"आरं, हायवेचं गिऱ्हाईक अर्धा तास थांबत न्हाई. त्येंना कागुद लागतो, आपून कागुद देतो. कुनाचं काय बिघाडलं?"

"मग तुमचं नाव घालायचं व्हतं."

धनाजी खरोखरच बुचकळ्यात पडला. "माज्या नावावर कोन इस्वास ठिवंल, चिमा? तुज्या नावाला किंमत हाय, म्हनून तर."

सत्तावीस वर्षांत शेठने केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं.  शिवी दिली असती तर चिमाजीला परत देता आली असती. या माणसाच्या बापाला त्याने खांदा दिला होता, आणि याने त्याचं नाव खणातल्या फडक्यासारखं वापरलं.

त्याने शिक्का उचलला. धनाजीने हात पुढे केला.

"त्यो गॅरेजचा हाय. म्या करून आनलाय."

"त्याच्यावरचं नाव माज्या आत्यानं ठिवलंय."

"चिमा, दे हिकडं."

सत्तावीस वर्षं मालकाने मागितलेली वस्तू त्याने हातात दिली होती. त्या सवयीने हात पुढे गेला, आणि धनाजीने शिक्का खिशात टाकला. पुढे कित्येक दिवस चिमाजीला स्वतःच्या त्या हाताचा राग येत होता.

बाहेर बाईंची गाडी गार झाली होती. त्याने चारही चाकं तपासली, भरली आणि चिठ्ठीच्या मागे आठ आकडे लिहिले. खाली सावकाश सही केली.

"मंगळवारी म्या हितं नव्हतो, बाई. पर नाव माजं व्हतं. माफी करा."

मग स्वतःचा काटा पिशवीत घातला आणि तो चालता झाला.

आता वरवे बुद्रुकच्या फाट्यावर, करंजाच्या सावलीत, त्याचा जुना कॉम्प्रेसर असतो. परवा एक पांढरी गाडी मागचं चाक पंक्चर होऊन आली. चिमाजीने पंक्चर काढलं, चाक बसवलं आणि बाकीच्या तिन्हींवर तळहात ठेवून बघितला.

"गरम हायेत. अर्धा तास थांबा, हवा बगून देतो."

"त्यांची नका बघू," गाडीवाला म्हणाला. त्याने काचेमागची चिठ्ठी दाखवली. "सकाळीच शिवऱ्याला तपासलीय. तिथं चिमाजी म्हणून जुने मेकॅनिक आहेत. त्यांचा शिक्का असला की बघायला नको, असं म्हणतात सगळे."

चिमाजी काचेजवळ वाकला. बत्तीस, चार वेळा.

"ओळखता का त्यांना?"

"वळखत व्हतो," चिमाजी म्हणाला. "गाडी जरा सावलीत घ्या."