हिरव्या गाडीची उजवी सीट

चष्मेवाल्यांची उभी हयात लोकांच्या नाकावर चष्मे चढवण्यात गेली आणि उरलेला सगळा जीव त्या हिरव्या गाडीत अडकला. गाडी ब्रिटिश बनावटीची, दोनच माणसांची, डोक्यावर कापडी टप, चाकांना सायकलसारख्या तारा. तरुणपणी त्यांनी ती एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली, काही वर्षं हौसेने पळवली, मग संसार वाढला आणि गाडी बंद पडून घरामागच्या गॅरेजमध्ये गेली. दुकान सोडल्यावर ते तिच्यामागे लागले. नीट करायची म्हणून आधी सुटी केली. सुटी म्हणजे अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत. चष्म्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये गाडीचे नट-बोल्ट जाऊन बसले, आणि घरात कुणी डबी उघडली की आतून चष्म्याऐवजी स्प्रिंग निघू लागली.

त्यांची बायको पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. सगळी वस्ती तिला काकू म्हणायची. शेजारीण एकदा काकूंना म्हणाली, "तुमच्या घरात सवत आहे हो."

"सवत परवडली," काकू म्हणाल्या. "ती निदान भाजी तरी निवडून देते."

पण त्या बोलण्यात राग नव्हता. नवरा कुठे आहे हे कधी शोधावं लागत नाही, हे सुख काही कमी नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

मग एका सकाळी दाढी करताना चष्मेवाल्यांच्या डाव्या हातातला आरसा पडला, आणि पाठोपाठ ते स्वतः. अर्धांगाचा झटका होता. जिवावरचं निभावलं, पण दवाखान्यातून घरी आले ते निम्मेच आल्यासारखे. डावा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. डावा पाय ओढत चालायचा. तोंडात गरम घास असावा तसे शब्द जडपणे बाहेर यायचे. ते खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. गॅरेजच्या किल्लीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

"जेवतात अर्धं आणि बोलतात पाव," काकू लेकीला फोनवर सांगत. "मी समोरून गेले तरी मान वळवत नाहीत. माझ्यावर रुसलेत की देवावर, काही कळत नाही."

एक दिवस पडद्याचा जाड दोरा ओढायला पक्कड हवी म्हणून काकूंनी गॅरेज उघडलं. आत गाडीच्या दोन सीट भिंतीला टेकून उभ्या होत्या. कातडं फाटलेलं, आतली रबरी पट्टी लोंबणारी, सांगाडा गंजलेला. काकू त्या सीटपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ही सरळसरळ खुर्ची होती. फाटक्या खुर्च्या त्यांनी आयुष्यभर शिवल्या होत्या. त्या पक्कड विसरल्या आणि त्यातली उजवी, चालवणाऱ्याची सीट घेऊन घरात आल्या.

त्यांनी जुनं कातडं शिवणीवरून उसवलं, तुकडे जमिनीवर पसरले, त्यावरून कागद बेतला. आठवडाभर घरात कातड्याचा वास आणि मशीनचा खडखडाट. खिडकीशी बसलेला माणूस वळूनही पाहीना. शेवटी त्यांनी मुद्दाम विचारलं, "अहो, ही रबराची पट्टी उभी ताणायची की आडवी?"

"आडवी," ते म्हणाले.

त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःहून म्हणाले, "दोरा कुठला?"

"तंबूचा. मेण लावलेला."

"बरा आहे."

काकूंना एवढ्यानेही पुष्कळ झालं. पण सीट पुरी करून चष्मेवाल्यांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी तिच्या काठावरून उजवा हात फिरवला आणि म्हणाले, "छान झाली. पण कुणासाठी शिवलीस? क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो."

काकूंनी सैपाकघरात जाऊन जावयाला फोन लावला.

जावई माल वाहायचे जुने टेम्पो घेऊन त्यांचं इंजिन काढायचा आणि त्यात बॅटरी, मोटर बसवायचा. कारखाना बरा चालला होता. पण सासऱ्याच्या लेखी तो गाड्यांचा डॉक्टर नव्हे, कसाई होता. लग्नापासून चष्मेवाले त्याला 'सेलवाले' म्हणत. "सेलवाले जेवायला थांबणार का?" असं विचारत, आणि जावई हसून म्हणे, "थांबतो, बाबा. मला चार्ज व्हायला वेळ लागतो."

"मोटर बसवली तर क्लच लागत नाही ना?" काकूंनी फोनवर विचारलं.

"क्लच नाही, गिअर नाही, काही नाही. एका पायाचं काम. पण आई, बाबा मला घरात घेणार नाहीत."

"घरात नको. गॅरेजमध्ये ये."

तो रविवारी आला. शीळ घालत गाडीच्या सांगाड्याभोवती फिरला, टेप लावून मापं घेतली आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर खडूने चौकोन काढला. "एवढा कापला की बॅटरी बसते," तो काकूंना सांगत होता, तेवढ्यात अंगणातून काठीचा आवाज आला. टक्, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक्. घराच्या मागच्या दारापासून गॅरेजपर्यंतचं अंगण चष्मेवाले एकटेच ओलांडत होते. काकूंना धावत जाऊन धरावंसं वाटलं, पण त्यांनी जावयाचा दंड धरून ठेवला, त्याने पुढे होऊ नये म्हणून.

चष्मेवाले दाराच्या चौकटीला टेकले. दम लागला होता. "कापायचं नाही," ते म्हणाले.

"बाबा, चार बोटं फक्त."

"माझी काप चार बोटं. डाव्या हाताची. काही अडणार नाही." त्यांनी श्वास घेतला. "पत्रा कापायचा नाही. आहे त्याच भोकांत बोल्ट बसले पाहिजेत. उद्या कुणाला जुनं इंजिन बसवावंसं वाटलं, तर बसवता आलं पाहिजे."

"मग बॅटरी ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"पेट्रोलची टाकी काढली की मागे जागा होते. अर्धी तिथे ठेव, अर्धी पुढे. वजनही सारखं वाटलं जाईल. सेलवाले, एवढं कळू नये?"

जावयाने खडू खिशात टाकला आणि काकूंकडे पाहून डोळे मोठे केले. दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस सलग एवढं बोलला नव्हता.

त्यानंतर दर रविवारी जावई येऊ लागला आणि अधल्यामधल्या दिवशी काकू आणि चष्मेवाले दोघंच काम करत. मोटर कशी बसेल ते बघायला ते आधी पुठ्ठ्याचे साचे कापत. चष्मेवाले उजव्या हाताने पेन्सिल धरत, पुठ्ठा हलू नये म्हणून दाबून धरायला काकू. त्यांनी पाना फिरवायचा, पलीकडून नट काकूंनी धरायचा. लोक बायकोला नवऱ्याचा उजवा हात म्हणतात. काकू म्हणायच्या, "मला डाव्यावर बढती मिळाली."

भांडणं झालीच. जावयाला नवे ब्रेक हवे होते, ते सासऱ्यांनी बिनशर्त मान्य केले. सीटबेल्टलाही हो म्हणाले. पुढच्या दिव्यांची जुनी काच तशीच ठेवून आत नवे दिवे घातले, त्यावर दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. पण स्टिअरिंगमागच्या लाकडी पट्टीवर टचस्क्रीन लावायचा विषय निघाला तेव्हा चष्मेवाले काठी उचलून घरात निघून गेले. शेवटी जावयाने पेट्रोलचा काटाच बॅटरीला जोडला. भरलेली असली की काटा उजवीकडे, संपत आली की डावीकडे. ते पाहिल्यावर सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदा 'सेलवाले' सोडून नुसतं "बाळा" म्हटलं, आणि जावई उगाचच पान्याला तेल लावत बसला.

"इंजिनाचा आवाज हवा असेल तर स्पीकर बसवता येतो," तो एकदा म्हणाला.

"मेलेल्या माणसाची टेप लावतात तशी? नको."

जुनं इंजिन त्यांनी पुसून, तेल देऊन, काकूंच्या उरलेल्या पडद्याच्या कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. काकूंनी दुसरी सीट शिवली, मग गाडीचा टप, दोनदा उसवून. हिवाळा सरता सरता गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली आणि मोटर लावताच एखादीने सुस्कारा सोडावा तशी अंगणात पुढे सरकली. लेक माहेरी आली होती. तिने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाले बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

रस्त्यावर आणायची तर चालवणाऱ्याचे डोळे तपासून दाखला हवा होता. काकू त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला सांगितली. आत बारीक दिवे लागत होते. दिसला दिवा की बटण दाबायचं. काकू बाजूला बसून ऐकत होत्या. बराच वेळ बटण वाजायचं, मग बराच वेळ वाजायचंच नाही.

"डोळे चांगले आहेत," बाई नंतर हळू आवाजात म्हणाल्या. "पण झटक्यामुळे मेंदूला डावीकडचं कळत नाही. दोन्ही डोळ्यांनी नाकाच्या डावीकडचं काही दिसत नाही त्यांना. गाडी चालवायची नाही, काका. कधीच."

चष्मेवाल्यांनी नुसती मान हलवली. रिक्षात बसल्यावर काकूंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी तेच म्हणाले, "रडू नकोस. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासले, स्वतःचे कळणार नाहीत? ताटातली डावीकडची भाजी दिसायचीच नाही. वाटायचं, तू वाढलीच नाहीस."

काकूंच्या डोळ्यांपुढे ती सगळी अर्धी राहिलेली ताटं आली. मीठ कमी पडलं का, तिखट जास्त झालं का, म्हणून त्यांनी किती रात्री विचार केला होता. आणि जेवायला बसताना त्या नेहमी त्यांच्या डावीकडे बसायच्या.

"मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तुम्ही दोघांनी काम थांबवलं असतं." बोलताना त्यांना थांबावं लागलं. "मला गाडी चालवायची नव्हती गं. म्हणजे होती. पण त्याहून गॅरेजमध्ये यायचं होतं. तू पुठ्ठा धरायचीस ते बरं वाटायचं."

काकूंनी त्यांचा डावा हात मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला. मग आठवण झाली, तो हात त्यांना दिसतही नाही आणि नीटसा कळतही नाही. तरी त्यांनी तो सोडला नाही. घरी गेल्यावर त्यांनी जेवायच्या टेबलाशी आपली खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली.

गाडीचं पुढे काय करायचं हा प्रश्न घरात दोन दिवस कुणी काढलाच नाही. मग लेकच म्हणाली, "आई चालवेल."

"मी?" काकू म्हणाल्या. "याच गाडीवर शिकवायला निघाले होते तुझे वडील, नव्या लग्नात. क्लच सोडला की ही बेडकासारखी उडी मारायची आणि ते ओरडायचे. मी भर रस्त्यात उतरले आणि चपला हातात घेऊन चालत घरी आले. तेव्हाच ठरवलं, पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"आता क्लच कुठाय, आई?" जावई म्हणाला.

काकू जावयाच्या कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, मोटर बसवलेल्या टेम्पोवर शिकल्या. या वयात शिकाऊ परवाना काढताना खिडकीपलीकडचा कारकून चष्म्यावरून बघत राहिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा." चष्मेवाले रोज शेजारी बसत. रिकामी पिंपं उलटली, एकदा भिंतीचा गिलावा निघाला, पण ते ओरडले नाहीत.

"का हो, आता ओरडत नाही?" काकूंनी विचारलं.

"शब्द तोंडात यायला वेळ लागतो. तोवर तू ब्रेक दाबून मोकळी झालेली असतेस."

परीक्षेत काकू दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

पहिल्यांदा दोघं बाहेर पडले तो एक निवांत रविवार होता. काकू उजव्या सीटवर, हातमोजे घालून, पाठ ताठ. चष्मेवाले डावीकडे, पट्टा लावून, गळ्यात मफलर. कालव्याकाठच्या लांब सरळ रस्त्याला लागल्यावर काकूंना जरा धीर आला. गाडीचा आवाज नव्हताच. वाऱ्याचा होता, टायरचा होता, आणि सीटच्या नव्या कातड्याचा बारीक कुरकुर आवाज होता.

"असं काय बघताय मघापासून?" काकूंनी समोर बघतच विचारलं. "रस्ता बघा जरा. मला सांगा काही."

"रस्ता अर्धाच दिसतो," चष्मेवाले म्हणाले. "तू पूर्ण दिसतेस."

काकूंचे कान लाल झाले, आणि वाऱ्याने झाले असं म्हणायला त्या मोकळ्या होत्या.

परतताना ऊन उतरलं आणि गार वारा सुटला. काकूंनी गाडी कडेला घेतली. दोघांनी मिळून टप ओढला. चष्मेवाल्यांनी उजव्या हाताने एक कड दाबून धरली, काकूंनी फिरून बटणं लावली. आत ऊब आली. पुलाजवळ येईस्तोवर चष्मेवाले मान कलती करून झोपी गेले होते. तोंड थोडं उघडं होतं, आणि हात मधल्या गिअरच्या दांड्यावर होता. तो दांडा आता कशालाच जोडलेला नव्हता, पण त्यांनी काढू दिला नव्हता.

घराच्या फाटकाशी लेक आणि जावई वाट बघत उभे होते. जावयाने व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला होता. काकूंनी वेग कमी केला, ओठांवर बोट ठेवलं, शेजारी झोपलेल्या माणसाकडे मानेने दाखवलं, आणि गाडी आत न वळवता फाटकावरून हळूच पुढे, रस्त्यानेच नेली.